घरच्या घरी बंपरला फ्रंट स्प्लिटर बसवताना: पुठ्ठ्यापासून शेवटच्या नटापर्यंत

इंदूरच्या बायपासवर, राऊकडून तेजाजीनगरकडे येताना माझ्या गाडीचा पहिला स्प्लिटर उजव्या टोकाला सुटला. स्प्लिटर म्हणजे पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला लावायची आडवी पट्टी; माझी फोमच्या दुतर्फी टेपने चिकटवलेली होती. आधी फडफड ऐकू आली, मग टायरला काहीतरी घासायला लागलं. शेजारी आई बसली होती. गाडी सावकाश डावीकडे घेतली आणि उतरून बघतो तर पट्टीचं टोक मागे वळून थेट चाकापाशी शिरलेलं. अजून थोडा उशीर झाला असता तर पट्टी चाकाखाली ओढली गेली असती.

घरी आल्यावर शेजारच्या काकांना तो तुकडा दाखवला. त्यांची सगळी नोकरी इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यात गाड्या जोडण्यात गेली. त्यांनी टेपवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हे बघ, फोम कुठेच फाटलेला नाही. अख्खी टेप बंपरकडून सालीसारखी निघालीय. म्हणजे टेप चांगली होती, बंपर साफ नव्हता. आणि नुसत्या टेपच्या भरवशावर कशाला सोडलंस रे?" बसवायच्या आदल्याच दिवशी मी बंपरला पॉलिश मारलं होतं. टेप चिकटली होती ती मेणाच्या थराला, तीही जानेवारीतल्या सकाळच्या गारठ्यात.

तोच स्प्लिटर काकांच्या देखरेखीखाली पुन्हा बसवला. मग मित्रांच्या तीन गाड्यांना बसवून दिले. पहिल्यांदा हे काम हातात घेणाऱ्याला जे माहीत असायला हवं, ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे.

स्प्लिटर नेमकं करतो काय

धावत्या गाडीच्या तोंडाशी हवा अडते आणि तिथे दाब वाढतो. बंपरखालून निसटणाऱ्या हवेचा वेग जास्त, म्हणून तिचा दाब कमी. या दोन्हींच्या मध्ये आडवी फळी घातली की वरचा दाब तिला खाली रेटतो. फळी गाडीच्या सांगाड्याला पक्की बांधलेली असेल तर पुढची चाकं रस्त्यावर जास्त जोराने टेकतात. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ५० वरून १०० वर गेलात की चौपट.

आता आपल्या पट्टीचा हिशेब करू. ती साधारण १.६ मीटर लांब आणि ४ सेंमी पुढे आलेली असते. ताशी १०० किमी वेगाला समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला ४७ किलोच्या आसपास भरतो. एवढ्या अरुंद पट्टीच्या वाट्याला त्यातले जेमतेम ३ किलो येतात. पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तसल्या वेगाला, आणि फळी सांगाड्याला बांधलेली असेल तर, या भागाचं काम जाणवतं. शहरात आपण तो दिसण्यासाठी बसवतो आणि त्यात गैर काही नाही. जमिनीला धरून असलेला गाडीचा चेहरा मलाही आवडतो. मात्र हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचे सगळे निर्णय बदलतात. आपल्या पट्टीची झुंज हवेशी कमी आणि गतिरोधक, ऊन आणि थरथर यांच्याशी जास्त असते. बसवायचं ते या तिघांचा विचार करून.

विकत घेण्याआधी पुठ्ठा लावून बघा

गाडी सपाट जागी उभी करा. चाक जमिनीला टेकतं तिथपासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर मोजा आणि त्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजा. माझ्या हॅचबॅकचं अंतर ७० सेंमी आणि उंची २० सेंमी भरली, म्हणजे चढाचा कोन, बंपर न घासता चढता येईल तेवढा उतार, साधारण १६ अंश. पट्टी ४ सेंमी पुढे आणि ३ सेंमी खाली आली की तीच मापं ७४ आणि १७ होतात आणि कोन १३ अंशांवर येतो. तीन अंश ऐकायला थोडे वाटतात, पण घरासमोरच्या नालीवरचा ढाळ चढताना तेवढ्यातच घासतं.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. एवढा लांबट उंचवटा सहसा त्रास देत नाही. त्रास देतात ते गल्लीतले सिमेंटचे उंचवटे. उंची तेवढीच, पण रुंदी हातभर.

म्हणून मी आता कुणालाही आधी पुठ्ठा लावायला सांगतो. फ्रिजच्या नाहीतर टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, जो स्प्लिटर घ्यायचा आहे त्याच्या मापाची पट्टी कापा आणि तो जिथे येणार तिथे, तेवढाच पुढे आणि तेवढाच खाली, रुंद टेपने लावा. तीन दिवस फक्त कॉलनीत आणि ताशी ३० च्या आत गाडी चालवा. तुमचे रोजचे ढाळ, सोसायटीच्या तळघराचा उतार, दूधवाल्याची गल्ली, सगळं त्यात येऊ द्या. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा काढून खालची कड बघा. माझ्या एका मित्राच्या पुठ्ठ्याची कड डाव्या बाजूला पार कुस्करून गेली होती आणि उजवी कोरी होती. तो घराचा ढाळ रोज तिरका चढायचा, डावा कोपरा आधी. त्याने दीड सेंमी कमी खोलीची पट्टी घेतली आणि ती अजून शाबूत आहे.

याच वेळी बंपर नीट निरखून घ्या. टो-हुकचं झाकण, पार्किंग सेन्सर, फॉग लॅम्प, समोरचा रडार असेल तर त्याची चौकट, नंबर प्लेट आणि रेडिएटरकडे हवा जायची खालची जाळी, यातलं काहीही झाकलं जाता कामा नये. रेडिएटरच्या वाटेत पट्टी आली तर मे महिन्यात एसीच्या कंडेन्सरलाही हवा कमी पडेल.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून पट्टी घेण्याआधी आरटीओत तिचं चित्र दाखवून विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आणि कुणी सांगो न सांगो, टोकदार, सुरीसारख्या कडेचा स्प्लिटर रस्त्यावरच्या गाडीला लावू नका. बंपरची ती उंची माणसाच्या नडगीची असते आणि लहान मुलाच्या तर गुडघ्याची. कड कानशीने २-३ मिमी गोल करून घ्या. हे मी आग्रहाने सांगतो आहे.

प्लास्टिक की फायबर

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात: एबीएस प्लास्टिक, फायबर ग्लास आणि महागातलं कार्बन फायबर. नवख्याने एबीएस घ्यावं. ते वाकतं, गतिरोधकाला घासलं तर ओरखडा पडून सुटतं आणि कापायला साध्या हॅकसॉचं पातं पुरतं. फायबर ग्लास कडक असतो. टक्कर झाली की तडकतो, आणि कापताना उडणारी धूळ अंगाला खाजवते व छातीत जाते, त्यामुळे मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतोच.

पण खरा फरक उन्हात कळतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. बंपरच्या आतल्या बाजूला बघितलंत तर साच्यात उठवलेली अक्षरं दिसतील, बहुधा पीपी आणि ईपीडीएम. म्हणजे रबर मिसळलेलं पॉलिप्रोपिलीन. हे प्लास्टिक आणि एबीएस, दोन्ही तापल्यावर बरंच वाढतात. एबीएसची एक मीटर लांबी दर अंशाला साधारण ०.०८ मिमी वाढते. जानेवारीत १५ अंशांना बसवलेली १.६ मीटरची काळी पट्टी मेच्या दुपारी उन्हात ६५ अंशांवर गेली तर ती ६ मिमीपेक्षा जास्त लांब होते. बंपरही वाढतो, पण गाडी पांढरी असेल तर तो काळ्या पट्टीइतका तापत नाही, म्हणून दोघांचं वाढणं सारखं नसतं. फायबर ग्लासचं वाढणं एबीएसच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच. तिथे उलटं होतं, बंपर पसरू बघतो आणि पट्टी त्याला धरून ठेवते. सगळी भोकं पेचाच्या मापाची घट्ट पाडली असतील तर कुठेतरी लाट उठते किंवा भोकाच्या कडेपासून केसासारखी बारीक तडा सुरू होते. अशी तडा मी एका मित्राच्या फायबरच्या पट्टीवर बघितली. भोकातून निघून ती बरोबर पुढच्या कडेकडे गेली होती.

यावर उपाय सोपा आहे. मधलं भोक पेचाच्या मापाचं ठेवायचं, बाकीची गाडीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करायची. पट्टी मध्यावर धरलेली राहते आणि दोन्ही अंगांना मोकळेपणी सरकते. काकांचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं आहे: "मध्य बांध, टोकं सरकू दे, पण सुटू देऊ नको."

सामान

सहा मिमीचे स्टेनलेस बोल्ट, त्यांचे नायलॉन रिंगवाले नट, मोठ्या व्यासाचे वॉशर आणि २ मिमी जाडीची, ३ सेंमी रुंद ॲल्युमिनियमची पट्टी. हे सगळं इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानांत मिळून जातं. त्याशिवाय वेग कमी-जास्त करता येणारं ड्रिल, ३ आणि ६ मिमीची पाती, गोल कानस, मास्किंग टेप, ॲक्रिलिक फोमची दुतर्फी टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोरा आणि दोन जॅक स्टँड लागतील. नट न सुटण्यासाठी लावतात ते थ्रेडलॉकर आणू नका. एबीएसला ते लागलं तर प्लास्टिक आतून ठिसूळ होऊन तडकतं. नायलॉनचा नट तेच काम करतो. पेट्रोल आणि थिनरही या पट्टीपासून लांब ठेवा.

एक मदतनीस मात्र हवाच. १.६ मीटरची पट्टी एकट्याने धरून खुणा करता येत नाहीत.

गाडी उचलणं

सपाट, पक्की जमीन. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा नाहीतर लाकडी ठोकळे. जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लावा आणि उचलल्याबरोबर गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. बंपर काढायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, खालचं प्लास्टिकचं झाकण सैल केलं की आत हात जातो.

कोरडी बसवणी: खरा वेळ इथे जाऊ द्या

मी पूर्ण दिवस धरतो आणि त्यातली सकाळ यालाच देतो. ड्रिल तोपर्यंत डब्यात.

आधी मध्य काढायचा. गाडीच्या चिन्हाच्या मध्यावरून दोरा सोडा, खाली एक जड नट बांधा. गवंड्याच्या ओळंब्यासारखा तो स्थिर झाला की बंपरच्या खालच्या कडेवर जिथे दोरा टेकतो तिथे मास्किंग टेप लावून खूण करा. स्प्लिटरचा मध्य वेगळा मोजून त्यावरही खूण करा. दोन खुणा जुळवा, मदतनीस पट्टी धरेल, आणि मास्किंग टेपच्या सात-आठ पट्ट्यांनी ती वर बांधून टाका. आता दोन्ही टोकांपासून चाकाच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजा. ते सारखं हवं. दोन-तीन मिमीचा फरक असेल तर तो दोन्हीकडे वाटून घ्या. बंपर कारखान्यातूनही अगदी मोजून मध्यावर बसलेला नसतो.

मग दहा पावलं मागे जाऊन गुडघ्यावर बसा आणि बघा. पट्टी एकीकडे झुकलेली असेल तर डोळ्याला लगेच कळतं. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, टायर आणि पट्टीच्या टोकात निदान दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे. गाडी खड्ड्यात गेल्यावर चाक वर येतं हेही धरून चाला. अंतर कमी वाटलं तर टोक आत्ताच कापा.

पट्टी बंपरला सगळीकडे लागून बसायला हवी. कुठे फट दिसली तर बोल्टने ओढून ती मिटवू नका. ओढून बसवलेलं प्लास्टिक कायम ताणात राहतं आणि तिथेच फुटतं. अशा जागी ड्रायर लांब धरून गरम हवा द्या आणि हाताने हळूच आकार द्या. एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणून हात भाजेल इतकं तापवू नका.

भोकं

बंपरच्या खालच्या, आत वळलेल्या कडेला कंपनीचे काही पेच आधीच असतात. जमेल तिथे तीच भोकं वापरा. नवी भोकं फक्त या आडव्या कडेला पाडा, समोरून दिसणाऱ्या भागाला कधीही नाही. एक मध्यावर, दोन अगदी टोकांजवळ, बाकीची मध्ये १५ ते २० सेंमी अंतराने. आठ-नऊ पुरतात, शिवाय दोन्ही टोकांना मागे आणखी एकेक. प्रत्येक खुणेच्या मागे हात घालून चाचपून घ्या: फॉग लॅम्पची वायर, वॉशरच्या पाण्याची टाकी, हॉर्न, काहीही असू शकतं. ड्रिलच्या पात्याला टोकापासून १ सेंमीवर टेप गुंडाळा, म्हणजे पातं त्यापुढे आत जाणार नाही.

मास्किंग टेपवरूनच ३ मिमीचं भोक पाडा, वेग कमी, जोर थोडा. मध्यापासून सुरुवात, मग एक डावं, एक उजवं, असं टोकांकडे जा. प्रत्येक भोकात तात्पुरता बारीक पेच टाकत गेलात तर पट्टी हलत नाही. सगळी झाल्यावर ती खाली उतरवा आणि ६ मिमी करा. मधलं सोडून पट्टीची बाकीची भोकं गोल कानशीने आडवी, साधारण १० मिमी लांब करा. कानस चालवताना पांढरा चुरा निघतो, तो बोटाने झटका आणि कड नखाने तपासा. तिथे बारीक खाच राहिली तर तडा तिथूनच सुरू होते. फायबरची पट्टी असेल तर भोकाच्या आतल्या कडेला रंग नाहीतर रेझिन लावून वाळू द्या.

टेप आणि बोल्ट

माझ्या चुकीची जागा हीच, म्हणून जरा सविस्तर. बंपरची कड आधी साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. मग अल्कोहोलने दोनदा पुसा, दर वेळी नवं फडकं. पॉलिशचं मेण आणि डॅशबोर्डला लावतात ते सिलिकॉन एका फटक्यात निघत नाही. उघड्या पॉलिप्रोपिलीनला टेप मुळातच नीट धरत नाही, तिथे टेपच्या कंपनीचं प्रायमर लावावं लागतं. रंगवलेल्या भागावर बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.

टेप चिकटवायला २१ ते ३८ अंश तापमान चांगलं. इंदूरमध्ये फेब्रुवारी-मार्चची किंवा ऑक्टोबरची दुपारपूर्वीची वेळ यात बरोबर बसते. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही पृष्ठभाग ड्रायरने कोमट करून घ्या. मे महिन्यात सावलीत उभी केलेली गाडीच हातात घ्या.

टेप स्प्लिटरच्या वरच्या कडेला लावा, पाठीवरचा कागद फक्त टोकांना थोडा सोलून बाहेर काढून ठेवा. पट्टी मध्याच्या बोल्टवर टांगा, खुणा जुळवा, मग कागद हळूहळू ओढत मध्यापासून बाहेर दाबत जा. अंगठ्याने दर बोटभर अंतरावर जोर द्या, नुसता हात फिरवून भागत नाही. टेपला २० मिनिटांत अर्धी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण पकड येते. तीन दिवस गाडी धुवायची नाही.

बोल्ट खालून वर घाला. बंपरच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पट्टीचे तुकडे, त्यावर वॉशर, त्यावर नट. ॲल्युमिनियममुळे जोर एका भोकावर न येता कडेवर पसरतो, आणि कुठे अडकलं तर बोल्ट बंपर फाडून बाहेर येत नाही. मध्यापासून टोकांकडे, डावं-उजवं करत, पान्याने हातानेच आवळा. वॉशर फिरायचा थांबला की पाव फेरा आणखी, बस. लांबट भोकांचे नट त्याहून किंचित सैल, पट्टी सरकली पाहिजे पण खडखडली नाही पाहिजे.

टोकांना दोन-दोन बोल्ट लावा, एकामागे एक, गाडीच्या लांबीच्या दिशेने. माझी पट्टी सुटली ती टोकाला, आणि चाक तिथून वीतभर लांब असतं. पट्टीपासून वर बंपरला जोडायचे दोन दांडे समोर शोभेसाठी मिळतात, ते मी लावत नाही. त्यांचं वरचं टोक बंपरच्या पातळ कातडीलाच धरलेलं असतं, त्यामुळे पट्टी कुठे आदळली की कातडी तिथेच फुटते.

नंतर

पहिले १०० किमी झाले की सगळे नट एकदा बघा, मग उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर. धुण्याच्या प्रेशर पंपाची धार टेपच्या कडेवर जवळून मारू देऊ नका. एखाद्या गतिरोधकावर जोरात घासलं तर घरी येईपर्यंत थांबू नका, तिथेच बाजूला घेऊन दोन्ही टोकं हाताने हलवून बघा.

पट्टी काढायची वेळ आली तर आधी सगळे बोल्ट काढा, टेपचा भाग ड्रायरने कोमट करा आणि मासे धरायच्या गळाचा नायलॉन दोरा फोममधून करवतीसारखा पुढे-मागे ओढत न्या. पट्टी सुटून हातात येते, रंगाला ओरखडा पडत नाही. बंपरवर उरलेला फोम अंगठ्याने चोळून गुंडाळत काढा, शेवटचा चिकटपणा अल्कोहोलने पुसा आणि खालच्या भोकांत रबरी बुचं बसवा, म्हणजे पावसाचं पाणी आत उडणार नाही.